शंभरात दोन ते शंभरात त्रेचाळीस

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे बोलीभाषेतला एमएस, झालेली एखादी व्यक्ती आज आपल्या घरी लॅपटॉपसमोर बसते. पडद्यावर क्षणभर दोन चित्रे चमकतात, कोणते कुठे होते ते तिला सांगायचे असते, आणि उत्तर बरोबर आले की पुढची चित्रे आणखी कमी वेळ दिसतात. मेंदूची विचार करण्याची गती, लक्ष आणि स्मरण सुधारावे म्हणून ही तालीम दिली जाते आणि तिला बोधनिक पुनर्वसन म्हणतात. पाहणाऱ्याला हा संगणकयुगातला ताजा शोध वाटतो. पण या पडद्यामागे दोन महायुद्धांतले जखमी सैनिक आहेत, दिवाणखान्यातले व्हिडिओ खेळ आहेत आणि एका आजाराकडे शंभर वर्षे अर्धवट पाहिल्याचा इतिहास आहे. तो समजून घ्यायचा तर आपल्याला आधी एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये जावे लागेल.

तिथल्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झाँ-मार्तां शार्को यांनी १८६८ साली या आजाराला वेगळी ओळख दिली. मेंदू आणि मज्जारज्जूवरचे करडे, कडक डाग त्याआधीही पाहिले गेले होते. स्कॉटलंडच्या रॉबर्ट कार्सवेल यांनी १८३८ मध्ये आपल्या सचित्र ग्रंथात ते रंगवले होते आणि फ्रान्समध्ये झाँ क्रुवेये यांनीही त्याच काळात त्यांचे वर्णन केले होते. पण जिवंतपणी दिसणारी लक्षणे आणि मृत्यूनंतर सापडणारे डाग यांची सांगड घातली ती शार्को यांनी. त्यांचे नाव घेतले की डोळ्यांची थरथर, हातांचा कंप आणि अडखळत, तुटक येणारे बोलणे ही तीन लक्षणे सर्वांना आठवतात. याच व्याख्यानांत त्यांनी आणखीही एक नोंद करून ठेवली होती: अनेक रुग्णांची स्मरणशक्ती क्षीण होते आणि त्यांच्या मनात विचार सावकाश आकार घेतात. विचारांची गती मंदावणे हे या आजारातल्या बौद्धिक बदलाचे मर्म आहे, असे आजचे संशोधक मानतात. म्हणजे आजाराच्या पहिल्याच पूर्ण वर्णनात ते मर्म लिहिले गेले होते. वैद्यकशास्त्राने तीन लक्षणे उचलली आणि चौथी नोंद तिथेच राहिली.

असे का झाले असावे? इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू ऑगस्टस डेस्टे याच्या रोजनिशीकडे पाहिले की थोडा अंदाज येतो. १८२२ च्या डिसेंबरात तो स्कॉटलंडमध्ये एका वडिलधाऱ्या आप्ताला भेटायला गेला. तो पोचण्याआधीच त्या आप्ताचे निधन झाले होते. अंत्यविधीनंतर डेस्टेच्या डोळ्यांपुढे असे धूसर झाले की आलेली पत्रे त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली आणि उत्तरेही दुसऱ्याच्याच हातून लिहवून घ्यावी लागली. मग दृष्टी परतली, पुन्हा गेली, पाय लटपटू लागले. पुढची वीसहून अधिक वर्षे तो हे लिहीत राहिला. एमएसचा हा सर्वांत जुना तपशीलवार आत्मलेख मानला जातो आणि तो मुख्यतः शरीराचा आहे. दिसणे, चालणे, तोल सावरणे या गोष्टी हरवल्या की रुग्णालाही लगेच कळतात आणि शेजाऱ्यालाही. विचार मंद झाल्याची खबर इतकी सहज लागत नाही.

१९२६ मध्ये लंडनच्या एस. एस. कॉट्रेल आणि किनियर विल्सन यांनी एमएसच्या शंभर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णांच्या मनःस्थितीवर त्यांचा भर होता. इतका आजार असूनही अनेकजण विलक्षण प्रसन्न कसे, हा प्रश्न त्यांना पडला होता. बुद्धीतला बदल त्यांना शंभरांपैकी अवघ्या दोघांत आढळला. विल्सन हे त्या काळातले मोठे नाव असल्याने तो आकडा पाठ्यपुस्तकांत रुजला. गंमत अशी की तीनच वर्षांनी, १९२९ मध्ये, पॅरिसमध्ये आंद्रे ओंब्रेदान या तरुणाने याच विषयावर प्रबंध लिहिला. त्याने रुग्णांना नुसते प्रश्न विचारले नाहीत, त्यांची बारकाईने परीक्षाही घेतली, आणि त्याला अर्ध्याहून अधिक रुग्णांत बौद्धिक दोष सापडले. ओंब्रेदानचा प्रबंध विस्मरणात गेला. या साऱ्या कहाणीतला सर्वांत अन्यायाने विसरला गेलेला माणूस मला विचाराल तर तो हाच.

आता आपण थोडी वाट वाकडी करू, कारण पुनर्वसनाचा उगम एमएसच्या वॉर्डात झालेला नाही. तो झाला रणांगणाच्या मागच्या रुग्णालयांत. पहिल्या महायुद्धात डोक्याला गोळी लागूनही वाचलेले तरुण हजारोंच्या संख्येने परतले. जर्मनीत कोलोनला वाल्टर पॉपेलरॉयटर आणि फ्रँकफुर्टला कुर्ट गोल्डश्टाइन यांनी त्यांच्यासाठी खास संस्था उभारल्या. तिथे रुग्णालयाला जोडून शाळा आणि कार्यशाळा असत. एखाद्याला वाचता येत नसेल तर त्याला पुन्हा शिकवायचे, कारागिराला हत्यारे पुन्हा हातात द्यायची आणि तो कुठे अडतो ते पाहायचे. रुग्ण चाचणीत किती गुण मिळवतो यापेक्षा तो कामावर उभा राहतो की नाही, याकडे गोल्डश्टाइन यांचे लक्ष असे. १९३३ मध्ये नाझी राजवटीने या ज्यू डॉक्टरला अटक केली. सुटका झाल्यावर ते आम्स्टरडॅममार्गे अमेरिकेला गेले.

दुसऱ्या महायुद्धात हे सूत्र उराल पर्वताच्या पायथ्याशी पुढे सरकले. अलेक्सांद्र लुरिया यांना तिथे जखमी सैनिकांचे पुनर्वसन रुग्णालय उभारण्याचे काम मिळाले. मेंदूचे कोणतेही काम एकाच जागी होत नाही, त्यासाठी अनेक दुवे साखळीने काम करतात, आणि एक दुवा तुटला तर दुसऱ्या वाटेने तेच काम साधता येते, असे लुरिया यांचे म्हणणे होते. त्यांचा झासेत्स्की नावाचा रुग्ण १९४३ मध्ये जखमी झाला होता. त्याला एकेक अक्षर आठवून लिहिणे अशक्यप्राय झाले होते, पण न थांबता, हाताच्या सवयीने लिहायला सांगितले तेव्हा त्याला लिहिता आले. स्वतःचे लिहिलेले मात्र त्याला धड वाचता येत नसे. अशा अवस्थेत त्याने पंचवीसेक वर्षे रोज थोडे थोडे लिहून हजारो पानांची वही तयार केली. इकडे एडिंबराच्या मेंदू-इजा केंद्रात ऑलिव्हर झँगविल यांनी १९४७ च्या लेखात पुनर्वसनाच्या तीन वाटा मांडल्या. उणिवेला वळसा घालणे ही पहिली, गेलेल्या क्षमतेच्या जागी दुसरी आणणे ही दुसरी, आणि गेलेलीच क्षमता सरावाने परत मिळवणे ही तिसरी. तिसरीबद्दल ते स्वतः साशंक होते. संगणकावरची आजची बहुतेक तालीम याच तिसऱ्या वाटेवरची आहे, हे ध्यानात ठेवून आपण पुढे जाऊ.

त्याच सुमारास एमएसच्या जगातही एक घटना घडली. न्यूयॉर्कच्या सिल्व्हिया लॉरी या तरुणीने १९४५ मध्ये वर्तमानपत्रात छोटी जाहिरात दिली. तिचा भाऊ बर्नार्ड याला एमएस होता आणि या आजारातून बरे झालेले कुणी असेल तर संपर्क साधावा, एवढेच तिने लिहिले होते. उत्तरे आली ती तिच्यासारख्याच शोधात असलेल्या कुटुंबांची. त्यातून १९४६ मध्ये अमेरिकेतली राष्ट्रीय एमएस संस्था उभी राहिली. रुग्णांना आवाज मिळाला, संशोधनाला पैसा मिळाला. तरी आजार मोजण्याची पट्टी पायांपाशीच अडकलेली होती. जॉन कर्ट्झके यांनी १९५५ मध्ये अपंगत्वाची श्रेणी तयार केली आणि १९८३ मध्ये ती विस्तारली. आजही जगभर वापरल्या जाणाऱ्या या श्रेणीचा मधला मोठा भाग माणूस न थांबता किती मीटर चालतो, काठी लागते का, यावर ठरतो. मग बँकेत काम करणारी एखादी बाई उत्तम चालत असेल, पण दोन ग्राहक एकदम बोलू लागले की गोंधळत असेल, तर या पट्टीवर तिचे फारसे काही बिघडलेले दिसत नाही.

युद्धांची देणगी अजून संपली नव्हती. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या रस्क पुनर्वसन संस्थेत लिओनार्ड डिलर आणि येहुदा बेन-यिशाय अर्धांगाच्या रुग्णांवर काम करत होते. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर बेन-यिशाय यांनी मेंदूला इजा झालेल्या इस्रायली सैनिकांसाठी कार्यक्रम आखला आणि नंतर तो न्यूयॉर्कमध्ये रुजवला. त्यात लक्ष देण्याच्या तालमीसाठी विजेवर चालणारी उपकरणे होती. दिवा लागताच बटण दाबायचे, किंवा तबकडीवर फिरणारा काटा ठरलेल्या खुणेवर अचूक थांबवायचा. काटा खुणेपासून किती पुढे-मागे थांबला हे रुग्णाला तिथल्या तिथे दिसे आणि प्रशिक्षक शेजारी बसून त्याच्याशी बोलत असे. संगणकावरच्या तालमीचे सारे घटक या उपकरणांत हजर होते. काम लहान होते, प्रतिसाद तात्काळ मिळत होता, अवघडपणा हळूहळू वाढत होता.

संगणक आला तो खेळाच्या दाराने. १९७२ मध्ये अटारी कंपनीचा पाँग हा खेळ निघाला आणि काही वर्षांत असे खेळ घरोघरी टीव्हीला जोडले गेले. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात विल्यम लिंच यांनी १९८० च्या आसपास हेच बाजारी खेळ मेंदूला इजा झालेल्या रुग्णांच्या हाती दिले. अॅपल टू हा घरगुती संगणक आल्यावर रोझामंड जियानुत्सोस यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी स्वतः छोटे प्रोग्रॅम लिहिले. १९८७ मध्ये मॅके सोलबर्ग आणि कॅथरीन मटीर यांनी लक्षाच्या पायऱ्या पाडल्या: एका गोष्टीवर लक्ष देणे, ते टिकवणे, अडथळ्यांतून हवे ते निवडणे, एकीवरून दुसरीवर वळवणे आणि दोन्हींवर एकदम विभागणे. प्रत्येक पायरीसाठी त्यांनी वेगळे सराव बांधले. हे सगळे अपघातात आणि युद्धात जखमी झालेल्यांसाठी होते. एमएसच्या रुग्णाला हे शिकवून काय उपयोग, आजार तर वाढतच जाणार, अशी समजूत होती.

ती समजूत मोडायला आधी प्रश्न किती मोठा आहे ते कळायला हवे होते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातले मानसशास्त्रज्ञ स्टीफन राव यांनी १९९१ मध्ये ते करून दाखवले. रुग्णालयात भरती झालेले रुग्ण न घेता त्यांनी समाजात वावरणारे १०० एमएसचे रुग्ण आणि त्यांच्याशी वय-शिक्षणाने जुळणारे १०० निरोगी लोक निवडले, दोन्ही गटांना सारख्याच चाचण्या दिल्या, आणि निष्कर्ष काढला की ४३ टक्के रुग्णांत बौद्धिक दोष आहे. जोडीच्या अभ्यासात असेही दिसले की ज्यांना हा दोष होता, त्यांची शारीरिक अवस्था इतरांइतकीच असूनही त्यांच्यातले कमी लोक नोकरीत टिकले होते. शंभरात दोनपासून शंभरात त्रेचाळीसपर्यंत यायला पासष्ट वर्षे लागली. आजार तोच होता, विचारण्याची पद्धत बदलली होती.

राव यांनी वापरलेल्या चाचण्यांतली एक जवळून पाहू, म्हणजे दोष नेमका कसला ते कळेल. न्यूझीलंडच्या डोरोथी ग्रॉनवॉल यांनी ती १९७० च्या दशकात डोक्याला मार लागलेल्यांसाठी बनवली होती. ध्वनिफितीवरून दर तीन सेकंदांनी एक अंक ऐकू येतो आणि प्रत्येक अंक त्याच्या आधीच्या अंकात मिळवून उत्तर सांगायचे असते. ४ आणि ७ ऐकले, उत्तर ११. मग २ ऐकला, तर उत्तर ९, कारण ७ आणि २ मिळवायचे आहेत. आपण उच्चारलेला ११ मनातून पुसून टाकायचा, ऐकलेला ७ धरून ठेवायचा, आणि तेवढ्यात ६ येतो. गणित चौथीतल्या मुलाचे आहे, पण वेळ पुरत नाही. दुसरी चाचणी आरन स्मिथ यांची. नऊ चिन्हांना नऊ अंक दिलेले असतात आणि खाली चिन्हांच्या ओळीच्या ओळी. ९० सेकंदांत जितक्या चिन्हांचे अंक सांगता येतील तितके सांगायचे. एमएसमध्ये रोगप्रतिकारक यंत्रणा मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर हल्ला करते. विजेच्या तारेवरचे प्लास्टिक सोलवटावे तसे ते जागोजागी झिजते आणि संदेश रेंगाळतात. या दोन्ही चाचण्या नेमके तेच रेंगाळणे पकडतात.

१९९३ मध्ये अमेरिकेत एमएसवर इंटरफेरॉन बीटा हे औषध मंजूर झाले आणि आजाराचे झटके कमी करणाऱ्या औषधांचे युग सुरू झाले. मंदावलेल्या विचारांवर मात्र औषध नव्हते, म्हणून तालमीकडे वळणे भाग पडले. डेन्मार्कमध्ये त्याच वर्षी अशा तालमीची एक यादृच्छिक चाचणी, म्हणजे रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडून केलेली तुलना, प्रसिद्ध झाली होती. संगणकाला मध्यवर्ती स्थान देणारे लक्षणीय काम १९९८ मध्ये बाझेलहून आले. अँड्रेया प्लोमान आणि सहकाऱ्यांनी २२ रुग्णांना जर्मनीत आखेनला वॉल्टर श्टुर्म यांनी विकसित केलेला कार्यक्रम दिला. त्याचे चार भाग होते. सतर्कतेसाठी पडद्यावर वाहन चालवायचे आणि अडथळा दिसताच थांबवायचे. निवडक लक्षासाठी जंगलसफरीत फक्त ठरलेल्या गोष्टींचेच फोटो टिपायचे. विभागलेल्या लक्षासाठी विमानाच्या कॉकपिटमध्ये बसून एकाच वेळी दिसणाऱ्या आणि ऐकू येणाऱ्या खुणांवर नजर ठेवायची. चौथा भाग दीर्घकाळ जागरूक राहण्याचा होता. प्रत्येकाचे दोन सर्वांत कच्चे भाग शोधून तेच शिकवले गेले, आणि जो भाग शिकवला त्यातच प्रामुख्याने सुधारणा झाली. सतर्कतेच्या सरावाने विभागलेले लक्ष सुधारत नाही, हे त्यातून कळले. सर्वांना एकच साचा उपयोगी नाही, या आजच्या धोरणाचे मूळ इथे आहे.

मग आला २००४ चा इटालियन धक्का. अलेस्सांद्रा सोलारी यांच्या गटाने ८२ रुग्णांवर दुहेरी अंधपद्धतीने, म्हणजे कोण कोणत्या गटात आहे हे रुग्णाला आणि तपासणाऱ्यालाही कळू न देता, चाचणी केली. अर्ध्यांना रेहाकॉम या जर्मन प्रणालीवर स्मरण आणि लक्षाची तालीम मिळाली आणि उरलेल्यांना संगणकावरच, पण डोळे आणि हात यांच्या मेळाचे सराव. आठ आठवड्यांनी दोन्ही गटांतले जवळपास सारखेच लोक सुधारले होते. कुणीतरी आपल्याकडे लक्ष देते आहे, आपण काहीतरी करतो आहोत आणि तीच चाचणी दुसऱ्यांदा देतो आहोत, एवढ्यानेही गुण वाढतात. या क्षेत्राला हा निकाल जड गेला, पण मला तो सर्वांत उपकारक वाटतो. त्यानंतरच्या चांगल्या अभ्यासांत तुलनेचा गट काळजीपूर्वक बांधला जाऊ लागला. २०१० मध्ये फ्लाव्हिया मात्तिओली यांनी ब्रेशियात लक्षात ठळक दोष असलेलेच रुग्ण निवडले, त्यांना तीन महिने नेटाने तालीम दिली आणि फरक दाखवला. मिलानच्या मास्सिमो फिलिप्पी यांच्या गटाने २०१२ मध्ये अशा तालमीनंतर मेंदूच्या काही भागांची क्रियाशीलता बदलल्याचे एमआरआयवर टिपले. न्यू जर्सीच्या केसलर संस्थेत नॅन्सी कियाराव्हालोटी आणि जॉन डीलुका यांनी वेगळी वाट धरली. शब्दांची यादी घोकण्याऐवजी त्यांची मनात चित्रे करायची, मग ती एका गोष्टीत गुंफायची, आणि शेवटी हेच रोजच्या कामांत वापरायचे. दहा सत्रांच्या या पद्धतीची ८६ रुग्णांवरची चाचणी २०१३ मध्ये आली आणि शिकण्याची क्षमता वाढल्याचे तिने दाखवले. झँगविल यांची दुसरी वाट इथे पुन्हा जिवंत झालेली दिसते.

दरम्यान बाजार पुढे धावत होता. २००५ मध्ये निन्टेन्डोने जपानी संशोधक र्युता कावाशिमा यांच्या नावाने मेंदूचा खेळ काढला. तो जगभर खपला, आणि रोममधल्या डॉक्टरांनी तो एमएसच्या रुग्णांना आठ आठवडे देऊनही पाहिला. अशा खेळांविषयी अवास्तव दावेही होऊ लागले. २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ल्युमॉसिटी या कार्यक्रमाच्या निर्मात्यांवर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींचा आरोप ठेवला आणि २० लाख डॉलरवर तडजोड झाली. याच गदारोळात २०१७ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या ली शार्वे यांची चाचणी प्रसिद्ध झाली. बेन-यिशाय यांचा कार्यक्रम ज्या विद्यापीठात रुजला, ते हेच. १३५ रुग्णांना घरपोच लॅपटॉप दिले गेले. आठवड्यात पाच दिवस, रोज तासभर, बारा आठवडे. एका गटाला अवघडपणा आपोआप वाढवणारे ब्रेनएचक्यू या संगणकीय कार्यक्रमाचे सराव होते, दुसऱ्याला शब्दकोड्यांसारखे साधे खेळ. दुसरा गट जास्त तास खेळला, तरी चाचण्यांत पहिला पुढे गेला. चालायला त्रास होणाऱ्या माणसाला रुग्णालयाच्या फेऱ्या न मारता तालीम मिळू शकते, हे सिद्ध झाले, आणि तीनच वर्षांत कोविडने सगळ्या जगाला घरी बसवले तेव्हा त्याचे मोल कळले.

२०१९ मध्ये अमित लॅम्पिट आणि सहकाऱ्यांनी २० चाचण्या आणि ९८२ रुग्णांचा हिशेब एकत्र मांडला. उपयोग होतो, पण तो लहान ते मध्यम आहे, देखरेखीखाली जास्त होतो आणि सराव थांबला की ओसरतो, असे त्याचे सार आहे. सर्वांत मोठा कस लागला २०२३ मध्ये. टोरांटोचे अँथनी फाइनश्टाइन यांच्या नेतृत्वाखाली सहा देशांतल्या ११ केंद्रांत, सतत वाढत जाणाऱ्या प्रकारचा एमएस असलेल्या ३११ जणांवर संगणकीय तालीम आणि व्यायाम एकत्र करून पाहिले गेले. विचारांच्या गतीत खऱ्या आणि नकली उपचारांच्या गटांत फरक पडला नाही. या निकालाने निराश होण्याचे कारण नाही, पण त्याकडे काणाडोळाही करता येणार नाही. आजार पुढे सरकल्यावर, मेंदूचे आकुंचन झाल्यावर तालमीला अवकाश कमी उरतो, हा त्याचा मला दिसणारा अर्थ. म्हणून सुरुवात लवकर हवी.

आपल्याकडे हा आजार दुर्मीळ समजला जाई. मुंबईच्या पारशी समाजात तो बराच आढळतो, हे १९८८ आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी दाखवले आणि त्यात डॉ. नोशीर वाडिया यांच्यासारख्या मुंबईच्या मेंदूविकारतज्ज्ञांचे मोठे काम आहे. भारतीय एमएस संस्था १९८५ मध्ये मुंबईतच स्थापन झाली, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा नावानिशी समावेश झाला. शब्द लक्षात ठेवण्याची चाचणी मराठीत नुसती भाषांतर करून आणता येत नाही, त्यासाठी आपले शब्द आणि आपल्या लोकांची सरासरी लागते. ते काम नेटाने व्हायला हवे. चिन्हे आणि अंकांच्या चाचणीत मात्र भाषेची अडचण फारशी नाही, मराठीत अंक सांगितले तरी चालतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय एमएस संस्थेने पाठबळ दिलेल्या २०१८ च्या शिफारशींनुसार प्रत्येक रुग्णाची अशी चाचणी निदानानंतर लगेच आणि मग दरवर्षी व्हावी. कुठले अॅप विकत घ्यावे हा प्रश्न त्यानंतरचा. तुमच्या घरी एमएस असलेले कुणी असेल, तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेल्यावर पायांची तपासणी झाली की त्या ९० सेकंदांच्या चाचणीचीही मागणी करा आणि आलेला आकडा फाइलमध्ये लिहून ठेवायला सांगा.